अण्णाची रेकॉर्ड

"जरा ताठ चाल की. वऱ्हाडातला वाटला पाहिजेस," वच्छला श्रीमंतच्या कानात म्हणाली.

"ताठ चाललो तर काखेत उसवलेलं दिसतंय."

"मग हात खाली ठेव. जिलेबी एका हातानं खाता येते."

१९७९ चा मे महिना होता. सोलापूरच्या उन्हानं रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि गल्लीच्या पलीकडे एका लग्नाचा मांडव पडला होता. वच्छलाचा आतेभाऊ श्रीमंत सांगोल्याहून सुट्टीला आला होता. त्याला मांडवातली जिलेबी खिलवायचीच, असा तिचा बेत होता. तिसरी होती वच्छलाची शेजारीण दानम्मा. ती नको नको म्हणत मागून येत होती. फेब्रुवारीपासून तिच्या घरी गोडधोड झालं नव्हतं.

फेब्रुवारीत तिचा थोरला भाऊ शिवपुत्र मुंबईत काविळीनं गेला. ती त्याला अण्णा म्हणायची. अण्णा गिटार घेऊन रॉक गाणी म्हणायचा, केस खांद्यापर्यंत वाढवायचा. "असली गाणी म्हणायची असतील तर ह्या घराचा उंबरा चढू नकोस," असं वडील, चनबसप्पा, एकदा रागानं बोलून गेले, आणि तो मुंबईला निघून गेला. तिथल्या एका कंपनीनं त्याच्याकडून डिस्को गाणं गाऊन घेतलंय, त्याची छोटी रेकॉर्ड निघालीय, असं त्याच्या एका मित्रानं येऊन सांगितलं होतं. गल्लीत कुणाचाच विश्वास बसला नाही. आणि मग अण्णा गेल्याची तारच आली.

आई, अक्कम्मा, रडायची कमी. पण भाकरी थापता थापता घरच्या कानडीत एकच वाक्य बोलायची. "माझ्यावर रागावून गेला. मी त्याच्या अप्पाला एका शब्दानं अडवलं नाही."

मांडवाच्या दाराशी तिघं पोचली आणि कर्ण्यातून नवं गाणं सुरू झालं. धबधब धबधब असा ठेका, आणि त्यावर एका तरुणाचा आवाज. दानम्मा जागच्या जागी थांबली.

"काय गं?" वच्छलानं विचारलं.

"अण्णा गातोय."

"दानी, असं नको करू."

"अगं, तो शब्द संपवताना आवाज असा वर नेतोय बघ. गच्चीवरून मला हाक मारताना असंच करायचा. अण्णाच आहे."

ती मांडवाच्या मागच्या बाजूला धावली. तिथं लाकडी टेबलावर रेकॉर्ड फिरत होती आणि मशीनजवळ एक नवखा पोऱ्या बसला होता. तेवढ्यात स्पीकरवाले हिंदुराव घाईघाईनं आले. त्यांचं दुकान दानम्माच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं.

"ही कुणी लावली? ही न्हाई लावायची म्हनून सांगितलं हुतं न्हवं?" त्यांनी गाणं अर्ध्यात तोडलं आणि रेकॉर्ड उचलली. मग त्यांची नजर दानम्मावर गेली. त्यांचा चेहरा एकदम उतरला. रेकॉर्ड सदऱ्यात सारून ते म्हणाले, "पोरीनो, हितं काय काम हाय? वायरी हायत, जावा."

"काका, ते गाणं कुणाचं?"

"कुनाचं म्हंजे? सिनेमातलं आसंल. जावा म्हनतो न्हवं."

जिलेबी राहिली. तिघं वच्छलाच्या ओट्यावर येऊन बसली.

"सिनेमातलं गाणं कुणी सदऱ्यात लपवतं का?" श्रीमंत म्हणाला.

"सरळ विचारलं तर सांगायचे नाहीत," वच्छला म्हणाली. "पण श्रीमंत, तुझ्याकडे त्यांनी नीट पाहिलं नाही. तू नवा आहेस. मोठ्या माणसांना एक खोड असते. चुकीचं काही बोललं की त्यांना दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंत हिंदुरावांच्या दुकानात गेला. दोघी दाराबाहेर, भिंतीला टेकवलेल्या कर्ण्यांच्या मागं बसल्या.

"काका, मी सांगोल्याचा. आमच्या मामाचा पण स्पीकर हाय," श्रीमंतनं सुरुवात केली. "त्याला एका पोरानं डिस्कोची रेकॉर्ड इकली. तुमाला पण इकली म्हनं. पर ती चोरीची हाय असं मामा म्हनतो. लई जाडा, लांब केसांचा पोरगा हुता."

हिंदुराव ताडकन उठले. "कोन जाडा? काय बोलतो रं? हाडं निगाली हुती त्याची. केस बारीक कापलेलं, डोळं हळदीवानी पिवळं. आन् चोर न्हवता त्यो. इकली पन न्हाई त्यानं. आईला द्या म्हनून माज्या हातात…"

ते तिथंच थांबले. कर्ण्यांच्या मागून दानम्मा उभी राहिली होती.

"अण्णा आला होता?" तिनं विचारलं.

हिंदुराव खाली बसले.

"संक्रांतीला आलता," ते म्हणाले. "तुमी समदी सिद्धेश्वराच्या जत्रंला गेलता. दाराला कुलूप. त्यो पायरीवर बसून ऱ्हायला. मीच च्या पाजला. सांजच्या गाडीनं जायाचं हुतं त्याला. ही आईला द्या म्हनला. मी व्हय म्हनलो आन् जत्रंच्या गडबडीत इसरलो, बाळ. मग त्यो गेल्याचं कळलं. तवा कुटल्या तोंडानं येऊ तुमच्या दारात?"

वच्छलाला त्यांच्याशी भांडायचं होतं. पण दानम्मानं तिचा हात धरून तिला मागं घेतलं.

"आता या," दानम्मा म्हणाली. "मशीन घेऊन या. आमच्याकडे नाही."

दुपारी हिंदुराव मशीन डोक्यावर घेऊन आले. चनबसप्पा झोपाळ्यावर होते. काय आणलंय ते कळल्यावर ते उठून दाराबाहेर गेले, पण पायरीवरच थांबले. अक्कम्मा भिंतीला टेकून बसली. हिंदुरावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. तिनं रेकॉर्डबद्दल काहीच विचारलं नाही.

"उन्हात बसला होता का?"

"न्हाई, सावली हुती."

"रागात होता?"

"न्हाई वैनी. तुमी कवा येनार, तेवडंच दोनदा इचारलं."

मग गाणं लागलं. हिंदी शब्द, मधेच इंग्रजी, आणि तो धबधब ठेका. अक्कम्माला त्यातलं काही कळत नव्हतं. ती फक्त आवाज ऐकत होती, डोळे मिटून. गाणं संपल्यावर तिनं विचारलं, "दुसऱ्या बाजूला काय आहे?"

हिंदुरावांनी रेकॉर्ड उलटी केली. तेच गाणं, तोच ठेका. वाद्यं वाजत राहिली. अक्कम्मा वाट पाहत होती. "आता गाईल," ती हळूच म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "आता."

त्या बाजूला नुसतंच संगीत होतं. शिवपुत्र तिथं गातच नव्हता. हे दानम्माच्या लक्षात आलं, पण तिला सांगवेना. सुई रेकॉर्डच्या मधोमध येऊन खरखरत राहिली.

चनबसप्पा आत आले. त्यांनी तिन्ही मुलांच्या डोक्यावरून एकेक करून हात फिरवला. "तुम्ही शोधलंत. मोठ्यांना जमलं नाही ते केलंत," ते म्हणाले. मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

अक्कम्मा उठली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती शेजारच्या दारात गेली. तिथून पलीकडच्या दारात, मग त्याच्याही पलीकडे. गाण्याबद्दल ती कुणालाच काही सांगत नव्हती. मुलं ओट्यावर उभी राहून ऐकत होती. प्रत्येक दारात ती कानडीत एवढंच म्हणत होती, "बंदिद्द. नन्न मग बंदिद्द."

"काय म्हणतायत?" श्रीमंतनं विचारलं.

"आला होता," दानम्मा म्हणाली. "माझा मुलगा आला होता."