खाली पेट्या नाहीत

बारच्या मालकाने अंगणातला दिवा मालवला, तरी पोरं उठेनात. फर्मीनकाकांनी कॉफीचा पेला बाजूला सारला.

"काका, भुताचं सांगताय की पिक्चरचं?"

"दोन्हीचं. खोटं वाटलं तर उद्या विर्तुदेसला जाऊन विचारा."

"तिला? ती दारातूनच हाकलेल."

"मग गप बसून ऐका."

अकरा नोव्हेंबर, शनिवार. विर्तुदेसची लेक आरासेली संध्याकाळी नगरपालिकेच्या कारकुनाच्या घरी एक पाकीट आणायला गेली. कडेवर तिचा सामुएल, वर्षाचा. दोन दिवस खोकत होता, म्हणून ती दर वळणावर त्याचं कपाळ चाचपत होती.

पाकिटात डिस्क होती. छप्पन्न वर्षांपूर्वी आपल्या माळावर काढलेला तो घोडे-बंदुकांचा पिक्चर माद्रिदच्या कंपनीने धुऊनपुसून घरी बघायला बाजारात आणला होता. रविवारी दुपारी सभागृहात त्याचा समारंभ. ज्यांच्या घरचं माणूस पिक्चरमध्ये होतं, त्यांना एकेक डिस्क आधीच दिलेली. आरासेलीचे आजोबा हिनेस त्यात होते. गोळी लागून छपरावरून पडणारा माणूस. ते खरोखर पडले आणि खरोखर गेले.

डिस्कसोबत एक पुस्तिका होती. आरासेलीने ती रस्त्यातच उघडली. आत छापलं होतं, 'गावातल्या एका माणसाने दारूच्या नशेत, कुणी सांगितलं नसताना उडी मारली.'

तिने पुस्तिका बाळाच्या दुपट्यात खुपसली. पण आईपासून काही लपवणं तिला कधी जमलं होतं? विर्तुदेसने ती ओढून घेतली, वाचली आणि टेबलावर पालथी टाकली.

"मी सहा वर्षांची होते," ती म्हणाली. "शाळेतली पोरं माझ्यापुढे झोकांड्या खात चालायची. उद्या उभी राहून सांगते, हे खोटं आहे म्हणून."

"आई, पुरावा काय आहे आपल्याकडे? लोक हसतील. आणि माझी नोकरी पिक्चरसाठी बांधलेल्या त्या खोट्या गावातच आहे, तिकिटाच्या खिडकीवर. घालवायचीय का?"

"तू नको येऊस. डिस्क तेवढी लाव."

बाळ सोफ्यावर झोपलं होतं. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं.

तेव्हा पिक्चर मुके काढायचे, पोरांनो. आवाज मागाहून रोममध्ये भरायचे. पडण्याआधी हिनेसचं तोंड हलतं आणि भलत्याच कुणाचा आवाज शिवी देतो. हिनेस खरं काय बोलला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या रिळात त्याचा चेहराच पुसट होता. आता दाढीचे खुंट मोजावेत इतका स्वच्छ.

आणि विर्तुदेसने तीस वर्षं माकाएलच्या संगमरवराच्या कारखान्यात काढलेली. तिथे करवतींपुढे कानाचं काम नाही. माणसं ओठ बघून बोलतात.

"आवाज बंद कर," ती म्हणाली.

छपरावर हिनेस आला. ओठ हलले.

"'पेट्या कुठायत?'" विर्तुदेसने वाचलं.

पडणाऱ्याला झेलायला खाली रिकाम्या खोक्यांची रास लावायचे. वर गादी.

"'खाली पेट्या नाहीत. मी उडी मारत नाही.'"

मग त्याने मागे वळून कुणाला तरी मानेने नाही म्हटलं. आणि पडला. पाठमोरा.

"उडी मारणारा पाठमोरा पडतो का गं?"

आरासेलीने बाळावरचं दुपटं सारखं केलं.

"परत लाव."

परत लावलं. परत पडला. तिसऱ्यांदा छपरावर आला तेव्हा आरासेलीने चित्र थांबवलं. तिला ते बघवत नव्हतं.

घोडे थांबले. धूळ थांबली.

ओठ थांबले नाहीत.

"आई…"

विर्तुदेस पुढे सरकली. बाळाचा खोकला थांबला होता. ते जागं होतं. टीव्हीकडे बघत होतं.

"काय म्हणतायत, आई?"

"'विर्तू'…" घरात तिला त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. "'विर्तू, उडी मारू का?'"

…

आरासेलीने बाळ छातीशी धरलं. दाराकडे गेली. कडीवर हात ठेवला. पण आई हलेना, आणि आईला सोडून तिला जाववेना.

विर्तुदेस गुडघ्यावर हात टेकून उठली. टीव्हीसमोर उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "कुणी काही म्हणो, बाबा. नाही मारायची."

टीव्ही आपोआप काळा झाला.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं. विर्तुदेस आपली डिस्क घेऊन पुढे गेली. मागोमाग बाळाला घेऊन आरासेलीही. नोकरीचं भय होतं, पण गेली.

"ही लावा."

"बाई, सगळ्या सारख्याच आहेत," कंपनीचा माणूस म्हणाला.

"मग लावायला काय जातंय तुमचं?" हे आरासेली बोलली.

लावली. छपरावर हिनेस आला. विर्तुदेस मोठ्याने वाचत होती. पेट्या नाहीत. मी उडी मारत नाही. हिनेसने मागे वळून मान हलवली. मग… एक पाऊल मागे घेतलं. छपराच्या मागे गेला. गोळीचा आवाज झाला.

कुणी पडलं नाही.

कंपनीवाल्याने घाईने स्वतःची डिस्क लावली. त्यात पडला. पुन्हा विर्तुदेसची लावली. छप्पर रिकामं. त्या माणसाने पुस्तिकांचा गठ्ठा उचलून गाडीत टाकला, वाटल्या नाहीत.

"काका, कुणीतरी डिस्कमध्ये फेरफार केला असेल."

"असेल. आता सोमवारचं ऐका."

सोमवारी सकाळी आरासेलीने पिक्चरच्या गावाचं फाटक उघडलं. कुलूप तिनेच शनिवारी लावलेलं, रविवारी समारंभामुळे सगळं बंद. तिथली घरं म्हणजे नुसती दर्शनी फळकुटं, मागे काही नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. हिनेस पडला त्या छपरामागे चढायला-उतरायला काही नव्हतं. छप्पन्न वर्षं नव्हतं.

त्या दिवशी तिथे शिडी होती. लाकडी, गवती दोरीने बांधलेली, जुन्या पद्धतीची. दोर ओला, नुकता वळल्यासारखा.

शिडीपासून धुळीत पावलं उमटली होती. दोरीच्या चपलांची, पिक्चरमध्ये हिनेसच्या पायात होत्या तसल्या. आपल्या गावाकडे जाणारी.

शिडीकडे येणारं एकही नव्हतं.