एक ते चार बंद

भुतं रात्री बारालाच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथूनच परत फिरावं.

हे घडलं भर दुपारी. गेल्या मे महिन्यात, खडकीत, माझ्या स्वतःच्या घरात. सगळी नोकरी फॅक्टरीच्या ऑफिसात काढली आहे मी, मला उगाच भास होत नाहीत. कुणाला खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे.

आमच्या तात्यारावकाकांचं सदाशिव पेठेत रेकॉर्डचं दुकान होतं. दारावर पाटी होती, 'दुपारी १ ते ४ बंद. कडी वाजवू नये.'

त्या पाटीचे फोटो काढून लोक खिदळायचे. पुणेकर म्हणे दुपारी झोपतात!

काका काही गोड माणूस नव्हते. 'गाणं सापडत नाही' म्हणणाऱ्याला 'मग शोधा की, देवाने हात कशाला दिलेत?' असं सुनवायचे. पण चाळायला कुणाला बंदी नव्हती. तासभर उभे राहा, काही न घेता जा, काका हूं की चूं करायचे नाहीत. उभ्या लावलेल्या रेकॉर्ड बोटाने एकेक पुढे पाडायच्या. टप्… टप्… टप्… शोधायला जावं एक आणि भलतीच आवडून बसावी, अशी मजा होती. आता काय आवडतं तेसुद्धा लोकांना फोन सांगतो. आणि लोक माना डोलावतात!

दुकानाचा नियम एकच. रेकॉर्ड पसंत पडली, पण लगेच नेता येत नसेल, तर ती बाकीच्यांवर आडवी ठेवायची. आडवी म्हणजे ती कुणाची तरी ठरली. तो माणूस न्यायला येईपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही.

काकांची बायको, म्हणजे द्वारकाकाकू, लग्नाआधी गायच्या. विशीत त्यांची एक छोटी रेकॉर्डही निघाली होती. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. त्यांच्या ओठांशी कान नेला तर कुजबुज ऐकू येते, एवढंच उरलं.

काकू दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा काकांनी ती रेकॉर्ड काढायला घेतली. कव्हर जागेवर होतं, पण आत भलतीच रेकॉर्ड होती. कुणा शहाण्याने ऐकून परत घालताना अदलाबदल केली होती.

दुसरी प्रत कुठेच मिळाली नाही. काकूंचा आवाज त्या हजारो कव्हरांपैकी कुठल्यातरी चुकीच्या कव्हरात अडकून पडला होता.

तेव्हापासून काका एकला दार लावून आत शोधत बसायचे. एकेक कव्हर उघडून आतली रेकॉर्ड बघायचे. चारला गिऱ्हाइकं येऊन सगळं पुन्हा उलटंपालटं करायची. दुसऱ्या दिवशी काका परत पहिल्यापासून सुरू. मरेपर्यंत हेच चाललं. आणि बाहेर मेले पाटीचे फोटो काढतायत!

काका गेल्यावर त्यांच्या नातवाने, ऋषीने, दुकान मोकळं करायला काढलं. सगळ्या रेकॉर्ड एका कॅफेच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकायच्या होत्या. मध्ये भोक आयतंच आहे ना! काय ती बुद्धी!

मी म्हटलं, "अरे, आजीची रेकॉर्ड आहे त्यात."

"आत्या, चिल. यूट्यूबवर असेल की."

"नाहीये."

"मग एवढी काही खास नसेल."

एक ठेवून द्यावीशी वाटली मुस्काटात. त्याऐवजी उचलता येतील तेवढी खोकी खडकीला घेऊन आले. 'मी बघते एकेक करून,' असं काकूंना सांगितलं. आता एक लक्षात ठेवा. माझ्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नाही. कधीच नव्हतं.

त्याच आठवड्यात, दुपारी जेवून पडले होते. आतल्या खोलीतून…

टप्…

टप्… टप्…

उंदीर असेल म्हणून झाडू घेऊन गेले. आवाज थांबला. पंखा गरगर फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येईना. स्टेशन इतकं जवळ, पण गाडीचाही आवाज नाही.

आणि खोकी…

मी नुसती आणून टाकली होती. आता सगळ्या कव्हरांची तोंडं भिंतीकडे वळली होती. धूळ शिरू नये म्हणून काका तशीच लावायचे.

मग रोजच सुरू झालं. एकला सुरू, चारला बंद. मी ऋषीला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, एसी लावून घे."

एका मंगळवारी मात्र आवाज मध्येच थांबला.

मी वाट पाहिली. पुन्हा काही आलाच नाही. आत जाऊन बघते तर…

एका खोक्यावर रेकॉर्ड आडवी ठेवलेली.

कव्हर लग्नातल्या बँडच्या कसल्याशा धुनांचं होतं. मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी काकूंना रिक्षाने घेऊन आले. त्यांनी खोक्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काकू, उघडून बघू?"

त्यांनी माझं मनगट धरलं. मी कान जवळ नेला.

"आडवी आहे ती," त्या कुजबुजल्या. "ज्याने ठेवलीय त्याला येऊ दे."

मग मला हातानेच बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

एक वाजला. पंख्याची घरघर गेली.

आतून खर्र… खर्र… सुई टेकल्यावर होते तशी.

मग गाणं सुरू झालं. विशीतल्या मुलीचा आवाज. मी तो पूर्वी कधी ऐकला नव्हता, तरी कुणाचा ते कळलं. तिथेच उभ्या उभ्या रडले मी.

गाणं संपलं आणि आत कुणीतरी खाकरलं…

पुरुष.

मला राहवेना. मी दार ठोठावलं. "काकू! बऱ्या आहात ना?"



मग त्याच मुलीच्या खणखणीत आवाजात उत्तर आलं.

"एक ते चार बंद. कडी वाजवू नये!"

चारला काकूंनी दार उघडलं. पुन्हा तीच कुजबुज. "सोड मला घरी. तुझ्याकडचा चहा पाणचट असतो."

त्यांना पोचवून आल्यावर मी ते कव्हर उघडलं. आत काकूंचीच रेकॉर्ड, लेबलवर माहेरचं नाव. पण सुई फिरते ती रेघ एकही नाही. दोन्ही बाजू ताटासारख्या गुळगुळीत. ऋषी म्हणाला, कंपनीची चूक असेल. असेल बाबा, तू हुशार!

माझ्या घरातली टप्टप् त्या दिवसापासून बंद झाली.

पण काकूंनी काकांची ती पाटी आता स्वतःच्या खोलीच्या दारावर लावलीय. एकला मी गेले तर जिन्यात थांबते. आत दोघं भांडत असतात. काकूंचा आवाज वरचढ असतो. मला आधी बरंच वाटायचं.

परवा चार वाजून गेले तरी दार उघडेना. शेवटी मीच ढकललं.

काकू पलंगावर होत्या. उशीकडे डोकं नाही की काही नाही. पलंगाच्या रुंदीत निजलेल्या, पाय कडेच्या बाहेर…

आडव्या.

उठवायला मी हात पुढे केला. डोळे न उघडताच त्या हसल्या आणि कुजबुजल्या,

"हात लावायचा नाही."