झाकण लावलेला डबा

सुनोकनं त्या दिवशी त्याच्या समोरची खुर्ची ओढली ती निव्वळ रिकामी होती म्हणून. मनात बाकी काही नव्हतं. सकाळचे साडेसात झालेले, बाहेर बेटावरचा हाल्ला डोंगर धुक्यात बुडालेला, पावसाची रिपरिप चालूच, आणि बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याच्या कॅन्टीनमधे ओल्या रेनकोटांचा वास. तिनं भाताशेजारी कोबीच्या तिखट किमचीचा डबा उघडला. समोरच्या माणसानं मान वर केली, तिच्याकडं बघितलं… आणि आपला पेजेचा वाडगा उचलून चार खुर्च्या पलीकडं जाऊन बसला.

छत्तीस वर्षांची बाई. डोळ्यांत कालची जळजळ तशीच. तिला लागलं ते.

"का हो, माझ्या अंगाला वास येतो का?"

"तुमच्या नाही," तो म्हणाला. "डब्याला. लसूण."

"मग किमचीत काय गुलाब घालायचे?"

शेजारच्या कांग मावशी फिसकन हसल्या. त्या तिच्याच लायनीवर होत्या. "अगं, हा बू चांगहो. पाणी चाखतो आपलं. अकरा वर्षं सकाळचं मिळमिळीत खातोय. म्हणून तर बायको मिळाली नाही."

"मावशी, मला ऐकू येतंय," तो पेजेकडं बघत म्हणाला.

त्याचं काम असं, की नऊ वाजता विहिरीचं ताजं पाणी पाच पेल्यांत यायचं. तोवर लसूण नाही, कॉफी नाही, दातांना पेस्टसुद्धा नाही. हुंगायचं, चाखायचं आणि सांगायचं. चांगलं पाणी म्हणजे ज्यात वावगं काही सापडत नाही ते. म्हणून चांगहोचं उत्तर रोज एकच — काही नाही.

सुनोकचं तरी काय वेगळं होतं? पांढऱ्या दिव्यासमोरून भरलेल्या बाटल्या सरकायच्या आणि तिनं त्यात कण शोधायचा. संध्याकाळी डोळे मिटले तरी बाटल्या सरकतच राहायच्या.

तर अशी ही दोन दमलेली माणसं बोलायला लागली. मधे एक खुर्ची रिकामी ठेवून. सुनोक आता डब्याचं झाकण लावूनच ठेवायची, नुसता भात खायची. कशासाठी ते कुणाला बोलली नाही. त्यानं मात्र बघितलं होतं.

"हे पाणी कधीचं असतं हो?" तिनं एकदा विचारलं.

"अठरा-वीस वर्षांपूर्वीचा पाऊस. आपल्याकडं ओढ्याला पाणी ठरतंय का कधी? पडलं की गेलं काळ्या दगडाच्या भोकांतून खाली. थरामागनं थर, गाळत गाळत, दगडातले क्षार चिमूट-चिमूट घेत. आपण नुसतं खोलातून ओढायचं आणि भरायचं."

"म्हणजे मी सोळा-अठराची होते तेव्हाचा पाऊस."

"कशा होतात तेव्हा?"

"दमलेली नव्हते."

तो हसला नाही. "तुम्ही तेव्हा भेटला असतात तर…" म्हणाला, आणि पेज ढवळत बसला.

"तर काय?"

"काही नाही."

थंडी सरली आणि दिव्यासमोर तिच्या जागी कॅमेरा बसला. त्याचे डोळे जळत नाहीत. सुनोकला लेबलच्या खात्यात जागा देऊ केली, शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाले. तिकडून समुद्रापलीकडच्या मोक्पोची ताई फोनवर रोज तेच — ये इकडं, दुकान दोघी सांभाळू, काय ठेवलंय त्या बेटावर? काय ठेवलंय… सुनोकला सांगता येईना. तिनं बोटीचं तिकीट काढलं.

"शुक्रवारी दुपारी निघते मी," तिनं त्याला सांगितलं.

"समुद्र शांत असेल," तो म्हणाला.

"तुम्हाला दुसरं काही म्हणायचंय?"

त्याचे ओठ हलले. पण अकरा वर्षांची सवय ती. "काही नाही."

ती बरं म्हणाली. रडायचंसुद्धा त्राण नव्हतं तिला.

शुक्रवारी सकाळी ती शेवटची म्हणून कॅन्टीनला आली. झाकण लावलेला डबा, नुसता भात, नेहमीसारखं. चांगहो पेज न घेताच आला आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर बसला. इतका जवळ, की त्याच्या बाहीवरचे पावसाचे थेंब तिला मोजता आले असते. त्यानं तिचा डबा ओढला, झाकण काढलं आणि किमचीचा मोठा तुकडा उचलून तोंडात घातला.

पलीकडून प्रयोगशाळेचे ओ आडनावाचे साहेब अर्धवट उठले. "बू… अरे, नऊला पाणी चाखायचंय."

"आज मला चाखायला धरू नका साहेब," तो तोंडातल्या घासासकट म्हणाला, आणि दुसरा तुकडा घेतला.

कांग मावशींनी साहेबांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"कसं लागतंय?" सुनोकनं विचारलं.

"मीठ जरा जास्त," तो म्हणाला. "तिखट भरपूर. लसूण तर विचारूच नको. सगळं आहे यात…" त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, बहुतेक मिरचीचंच. "जाऊ नकोस, सुनोक."

तिनं खिशातलं बोटीचं तिकीट डब्याखाली सरकवलं.

"ताईला फोन करावा लागेल," ती म्हणाली. "ओरडेल ती." आणि हातातली बाटली उघडून त्याच्यापुढं धरली. "पी आधी. कसं लागतंय आता?"

त्यानं घोट घेतला. सवयीनं डोळे मिटून जिभेवर घोळवला. साहेबसुद्धा कान देऊन बसलेले.

"लसणासारखं," तो म्हणाला.