भोंगा सरळ वाजेपर्यंत

शनिवारची दुपार. सुहासिनीबाई कार्पेटवर व्हॅक्यूम फिरवत होत्या, तोही तणतणत. मुलगा श्रीरंग आणि सून उत्तरा त्यांना एकटीला घरी ठेवून ग्रोसरीला ह्यूस्टनला गेलेली. अमेरिकेतल्या शुगर लँड गावच्या त्या घरात राग काढायला दुसरं होतं काय? व्हॅक्यूम केलं की कार्पेटचे केस एका अंगाला निजतात. मग त्यावरून मांजर गेलं तरी दिसतं.

बाराला गावातला वादळाचा भोंगा वाजला. महिन्यातून एकदा तो वाजवून बघतात, हे बाईंना ठाऊक होतं. तरी दर वेळी त्यांची नजर टेबलाखाली जायचीच. चढता, उतरता, रडका आवाज.

भोंगा थांबला. बाई वळल्या, आणि हातातला पाइप गळून पडला.

दारापासून जेवणाच्या टेबलापर्यंत चिमुकली, अनवाणी पावलं उमटली होती, कितीतरी पोरांची. सगळी आत जाणारी. परतलेलं एकही नाही.

टेबलाखाली कोणी नव्हतं. पण तिथून वास येत होता... ओल्या चुन्याचा, जळक्या तांदळाचा.

हा वास बाई ओळखत होत्या. त्यांचे वडील रंगूनला गोदीत कारकून होते. लढाई आली तेव्हा बाई तिसरीत. शाळा तिथेच सुटली. शिकलेलं एकच पक्कं राहिलं: भोंगा चढत-उतरत वाजला की टेबलाखाली जायचं, एका सुरात सरळ वाजला की बाहेर यायचं. धाकटा भाऊ, चार वर्षांचा नंदू, शेजारच्या पोरांबरोबर त्यांच्या घरच्या टेबलाखाली गेला. सरळ भोंगा वाजला तोवर ते घर खाली आलं होतं. विमानं कोणाची, लढाई कोणी जिंकली, ते पुस्तकांत आहे. पोरांची नावं कुठेच नाहीत.

बाईंनी गुरुजींना फोन लावला. हे गुरुजी आठवडाभर ऑफिसात पाइपांची ड्रॉइंग काढायचे आणि वीकेंडला पूजा सांगायचे.

"गुरुजी, पितृपंधरवडा चालू आहे. भावाचं पान वाढायचंय."

"वय काय होतं, काकू?"

"चार."

"मग नाही हो. मुंज न झालेल्या मुलाचं श्राद्ध नसतं."

"बॉम्ब टाकणाऱ्याने मुंज झाली का विचारलं होतं? ठेवा फोन!"

त्यांनी पदर खोचला. खीर केली, वडे तळले, आमसुलाची चटणी वाटली. केळीचं पान कुठलं मिळायला? कागदी प्लेटा घेतल्या. तेवढ्यात शेजारची लान कुंपणाकडून कोथिंबीर घेऊन आली. ही व्हिएतनामची, घरी बसून कपडे शिवायची. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून दोघींचं जमायचं.

लानने पावलं पाहिली. हातातली कोथिंबीर खाली ठेवली.

"बॉम्ब?" तिने हळूच विचारलं.

"बॉम्ब," बाई म्हणाल्या. "माय ब्रदर."

लानने दोन बोटं वर केली. "माय टू," ती म्हणाली, आणि घरी जाऊन भाताची दोन भांडी आणि उदबत्त्या घेऊन आली.

दोघींनी टेबलाखाली पानं मांडली. वाट पाहिली. खिरीवर साय धरली, पण कोणी बोट लावलं नाही.

मग बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लावतील कशी? गुणाची लेकरं ती, सांगितलेलं ऐकणारी. आत जा म्हटलं, गेली. बाहेर या असं अजून कोणी म्हटलंच नाही. इथला भोंगा नुसता रडतो, सरळ कधी वाजतच नाही.

देव्हाऱ्यात सासऱ्यांचा शंख होता. बायकांनी फुंकायचा नाही, असं सासऱ्यांचं म्हणणं. बाईंनी तो तोंडाला लावला आणि छाती फुटेस्तोवर एकच लांब, सरळ सूर काढला.

कार्पेटचे केस दबू लागले. टेबलाकडून दाराकडे... एक पाऊल, दुसरं, मग कितीतरी. उंबऱ्याशी लान एकदम खाली बसली. रिकाम्या हवेला तिने दोन्ही हातांनी कवटाळलं, तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली, आणि हात हळूहळू सोडले. फार हळू.

एक जोडी मात्र हलली नाही. टेबलाच्या पायाशी, बोटं आत वळलेली. नंदू असाच उभा राहायचा.

बाई गुडघ्यांवर बसल्या. "वाजला रे सरळ भोंगा. चल, सोन्या."

मग अगदी कानाशी...

"ताई... अजून येतायत विमानं."

बाईंनी त्याचं पान तिथेच राहू दिलं.

संध्याकाळी श्रीरंग आला. "आई, टेबलाखाली हे काय मांडलंयस?"

"हात लावशील तर बघ."

त्याने टीव्ही लावला. बातम्यांत कुठलंसं शहर धुरात होतं. एक माणूस राखेने माखलेलं पोर उचलून धावत होता. पोराच्या एकाच पायात चप्पल.

"कुठलं रे हे?"

"लांब आहे गं, आई. तू कशाला बघतेस?" श्रीरंगने टीव्ही बंद केला.

बाईंनी निजण्याआधी सगळ्या खोलीत व्हॅक्यूम फिरवलं.

त्यानंतर भोंगा काही वाजला नाही. तरी सकाळी दारापासून टेबलापर्यंत ताजी पावलं होती, एकाच पोराची. डावं अनवाणी, उजवं चपलेचं. आणि नंदूचं पान जरा बाजूला सरकलेलं, नव्या पोराला जागा करून दिल्यासारखं.