तीन नंबर प्रेसचा रिपोर्ट

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं. शुक्रवारी. दुपारी साडेचारला, लख्ख उजेडात.

ताई पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. वर माळ्यावर ऑफिस, खाली वर्कशॉप. कॉम्प्युटरवर एक साधी टेक्स्ट फाईल होती. एका ओळीत एक काम. काम झालं की ओळीच्या पुढे फुली आणि तारीख. शुक्रवारी ताई एक कमांड द्यायची, की त्या फाईलवरून आठवड्याचा रिपोर्ट तयार. पूर्ण काय, चालू काय, बाकी काय.

अकरा शुक्रवार एकच ओळ 'बाकी'मध्ये येत होती.

'तीन नंबर प्रेस - जाळी बसवणे.'

ही ओळ म्हाताऱ्या फिटरकाकांनी ताईला लिहायला लावली होती. प्रेस म्हणजे पायाने पेडल दाबून पत्रा ठोकायचं यंत्र; त्याच्या तोंडाला जाळी नसली की माणसाचा हात थेट आत जातो.

अकराही वेळा मॅनेजरसाहेब म्हणाले, "ती ओळ वर पाठवू नकोस गं. उगाच डोक्याला ताप."

ताई रिपोर्टमधून ती ओळ काढून टाकायची. नोकरी टिकवायची होती ना.

बाराव्या आठवड्यात प्रेसने काकांचा हात ओढला. पार खांद्यापर्यंत. त्यांना सोडवायला वीस मिनिटं लागली. काका शुद्धीवर होते. ओरडत होते.

मग ओरडणं थांबलं.

प्रेस बंद केला गेला. त्याचे तिन्ही फ्यूज काढून ताईच्या खणात कुलपात ठेवले.

त्यानंतरचा दुसरा शुक्रवार. चारला पाळी सुटली, कामगार गेले. वर फक्त ताई आणि ऑफिसचा शिपाई. साहेब आले, काखेत कोरी करकरीत जाळी.

"सोमवारी तपासणीवाले येतायत. मी ही बसवून टाकतो. तू त्या ओळीला फुली मार. तारीख अपघाताच्या आधीची टाक."

"साहेब, काका गेले हो त्यात..."

"गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो? मागे आपण उरलोय ना?"

साहेब जिना उतरले. ताईने फुली मारली. मागची तारीख टाकली. कमांड दिली.

रिपोर्ट आला...

पूर्ण: साहेब - बोटे.

चालू: साहेब - मनगट.

बाकी: साहेब - कोपर, खांदा.

तिला वाटलं, कुणीतरी घाणेरडी थट्टा केलीय. तिने फाईल उघडून पाहिली. त्यात असलं काहीच नव्हतं. होती ती फक्त तिने मारलेली खोटी फुली.

तेवढ्यात खालच्या मोठ्या पंख्याची घरघर बंद झाली. इतकी शांतता त्या जागेत तिने कधी ऐकली नव्हती.

आणि मग...

धप्प.

तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. तीन नंबर.

तिने कुलूप काढून खण ओढला. तिन्ही फ्यूज जागेवर. बोट लावलं...

फ्यूज तापलेले होते.

खालून किंकाळी आली. तिच्यासमोर उभा असलेला शिपाई तसाच जिन्याकडे धावला.

धप्प.

स्क्रीनवरचा रिपोर्ट बदलला. तिने कशालाही हात लावला नव्हता. मनगट 'पूर्ण'मध्ये गेलं. कोपर 'चालू'मध्ये आलं.

"ताई!" शिपाई खालून बोंबलत होता. "साहेबांना आत ओढतंय कुणीतरी! माझ्या जोराने सुटत नाहीत! काहीतरी करा!"

काय करणार होती ती? ताई म्हणते, कसं सुचलं ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने फुली पुसली. खोटी तारीख पुसली. खाली लिहिलं, 'जाळी कधीच बसवली नव्हती. साहेबांच्या सांगण्यावरून ही ओळ अकरा वेळा मी काढली.'

फाईल सेव्ह केली.

तिसरा ठोका पडलाच नाही.

ती खाली गेली, तेव्हा प्रेस अर्ध्यावर अडकून थांबला होता. साहेब लादीवर पडले होते. त्यांचा उजवा पंजा हाताला नव्हता. प्रेसच्या पाट्यावर होता, पत्र्यासारखा चपटा. अंगठी मांसात रुतून बसली होती. रक्त ड्रेनच्या झाकणापर्यंत वाहत गेलं होतं. शिपाई कमरेचा पट्टा काढून साहेबांचा दंड आवळत होता आणि रडत होता.

सोमवारी ताईने तपासणीवाल्यांना सगळं सांगून टाकलं. फाईल दाखवली. साहेबांवर खटला उभा राहिला. ताईची नोकरी गेली.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

महिन्याभराने ती साहेबांना दवाखान्यात बघायला गेली. ती दारात दिसताच साहेब पाय पोटाशी घेऊन पलंगाच्या कोपऱ्यात सरकले.

"हिला बाहेर काढ!" ते बायकोला म्हणाले. "म्हाताऱ्याने हात धरला होता. पण पेडलवर पाय हिचा होता. मी गयावया केली... ही हसत होती!"

ताई तिथून जी निघाली, ती थेट माझ्याकडे आली.

मी तिला समजावलं. "अगं, पहिला ठोका पडला तेव्हा तू वर खुर्चीत होतीस. शिपाई तुझ्यासमोर उभा होता. तो शपथेवर सांगतोय."

ताई हळूच म्हणाली,

"रिपोर्टमध्ये ते बोटांचं वाचलं ना... घाबरायच्या आधी, एक क्षणभर... मला बरं वाटलं होतं गं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

मग तिने माझा हात घट्ट धरला.

"पण मी वरच होते ना?"

मी म्हटलं, हो.

तेव्हापासून तिने मला हा प्रश्न चार वेळा विचारलाय. दर वेळी मी हो म्हणते.

मागच्या वेळी म्हणायला जरा वेळ लागला.