धाकटीनंतर कोण

आमच्या कामात आजारी माणसं मिळायला त्रास पडत नाही. निरोगी माणसं मिळत नाहीत. नैराश्याच्या रोग्याचा मेंदू इतरांहून वेगळा कसा चालतो हे दाखवायचं, तर शेजारी ठेवायला एक साधासुधा मेंदू लागतो. आणि ज्याचं सगळं छान चाललंय, तो कशाला येऊन मशीनच्या बोगद्यात पडून राहील? मग आम्ही घरचीच माणसं पकडून आणतो. टेक्निशियनचा मेहुणा, रिसेप्शनवरच्या बाईची वहिनी, कुणाचा साडू. मोठमोठ्या शोधनिबंधांतले निरोगी मेंदू असे कुणाच्या तरी नात्यातले असतात, हे बाहेर कुणी विचारत नाही ते बरं आहे.

माझी जागा काचेच्या अलीकडे. पलीकडे एमआरआय मशीन. त्या खोलीला खिडकी नाही, आत कायम गारठा, आणि मशीन रिकामं असलं तरी पंपाची टकटक चालू असते. माणसाला आडवं करून डोक्यावर प्लास्टिकचा पिंजरा बसवतात आणि हातात रबरी फुगा देतात, घाबरलात तर दाबा म्हणून. पिंजऱ्यावरच्या आरशात त्याला एक पांढरी फुली दिसते. मी माईकवरून सांगते, "फुलीकडे बघत राहा. झोपू नका. मुद्दाम कशाचाही विचार करू नका." बस, एवढंच. माणूस काही करत नसताना त्याचा मेंदू काय करतो, तेच आम्हाला टिपायचं असतं.

पूर्वी दर माणसानंतर आम्ही चेंडू आत ठेवायचो. डोक्याएवढा, पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा चेंडू. पाण्यात काही नसतं, म्हणून चित्रात काही दिसलं तर तो दोष मशीनचा धरायचा. मॅडमनी हा प्रकार बंद केला. मॅडम म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख, मनोविकारतज्ज्ञ, हुशार आणि कायम घाईत. "सकाळी एकदा ठेवा चेंडू, पुष्कळ झालं. दर वेळी पाण्याचे फोटो कसले काढताय? पाण्याची तब्येत बरी आहे, मला माहितेय," त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो. वाचलेल्या वेळात रोग्याच्या मागोमाग लगेच एक निरोगी माणूस आत जाऊ लागला.

त्या दिवशीचा रोगी शिंपी होता. दाढी वाढलेली, पण शर्टाची कॉलर मात्र सुरेख. प्रश्नांची उत्तरं त्याची बायकोच देत होती. तो स्वतःहून एवढंच बोलला, "बाहेर कुणीतरी उभं आहे. थंडीत. माझ्याच्यानं दार उघडवत नाही."

"हे असंच चाललंय," बायको म्हणाली. "दार उघडून दाखवलं तरी."

त्याच्यानंतर येणारा माणूस ऐन वेळी आला नाही, म्हणून मी धाकटीला फोन केला. धाकटी म्हणजे माझी बहीण. मुलांना पोहायला शिकवते, आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. ओल्या केसांनीच आली. पिंजरा बसवून घेताना म्हणाली, "ताई, आत काहीच सापडलं नाही तर घरात बोलू नकोस हं."

बाहेर आली तेव्हा ती खुर्चीत बसून बुटाच्या नाडीकडे बघत राहिली.

"काय ग?"

"काही नाही. आत फार गार होतं."

प्रतीक्षागृहात शिंपी उभा होता. पडद्याची कड बोटांत धरून तो म्हणाला, "ही शिवण कुणी घातलीय? उसवा आणि माझ्याकडे द्या." आणि मग म्हणाला, भूक लागलीय. त्याची बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती. मॅडम खूश झाल्या. मीही झाले, खोटं कशाला सांगू?

पहिल्या आठवड्यात धाकटी तलावावर गेली नाही. सर्दी झालीय म्हणाली. मग अंघोळ करेना, मग जेवेना, आणि मग पलंगावरून उठेना. औषधं सुरू केली, बदलली, वाढवली. या विषयात माझे केस पिकले, त्यामुळे मी तिच्याशी अगदी शास्त्रशुद्ध बोलत होते. एका दुपारी ती भिंतीकडे बघत म्हणाली, "ताई, बाहेर कुणीतरी उभं आहे ग. कुडकुडतंय. आणि मला दार उघडवत नाही."

शिंप्याचं बोलणं मी तिला सांगितलं नव्हतं. ती आली तेव्हा तो आधीच आत होता. दोघांचं एक शब्दाचं बोलणंसुद्धा झालं नव्हतं. मला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला.

मी तिला पुन्हा मशीनमध्ये घातलं. प्रत्येक मेंदूची स्वस्थ पडून राहण्याची आपली एक तऱ्हा असते. चालीवरून ओळखीचं माणूस लांबून कळावं तशी ती कळते. पडद्यावर आलं ते धाकटीचं नव्हतं. कवटी तिची, लहानपणी झोक्यावरून पडल्याची कपाळावरची खोक तिची. आतली चाल शिंप्याची. चित्रांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. तेच आलं.

टेक्निशियनला विचारलं, "तुमचा मेहुणाही रोग्याच्या मागोमाग आत गेला होता ना? काय म्हणतो तो?"

"काय म्हणणार? नोकरी सोडून घरात पडलाय." तो बटणं पुसत राहिला. "आमच्याकडे कुणाला असलं कधी नव्हतं हो."

मी मॅडमकडे गेले. चेंडू काढून टाकल्यापासून काय होतंय ते सांगितलं. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही, हेच मला जास्त लागलं.

"आपले रोगी सुधारतायत ना?"

"हो. पण त्यांच्या मागून जे आत जातात…"

"ते निरोगी म्हणून आले, निरोगी म्हणून नोंदले गेले. एकदा दाराबाहेर पडले की त्यांचा आपल्या अभ्यासाशी संबंध संपतो." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "बहिणीमुळे तू थकलीयस. रजा घे."

मी रजा घेतली नाही. धाकटीला आत घातलं आणि तिच्यामागून लगेच चेंडू ठेवला. पाण्याच्या चित्रात, कपाळ असतं तर त्याच्या जरा मागे, एक पुसट डाग आला. धाकटी खुर्चीत बसून म्हणाली, "ताई, काही खायला आहे?" त्या संध्याकाळी ती बडबडली, केस विंचरले, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. सकाळी पुन्हा भिंतीकडे तोंड. चेंडूचा फोटो काढला, पाणी स्वच्छ. पाण्याला ते धरून ठेवता येत नव्हतं.

पूर्वी, दर वेळी चेंडू ठेवायचो तेव्हा, आमचे रोगी घरी गेल्यावर एकच संध्याकाळ हसायचे. कुणीतरी लक्ष दिलं म्हणून बरं वाटलं असेल, असं आम्ही समजायचो.

मग एकदा धाकटी गच्चीच्या कठड्याशी सापडली. शेजाऱ्यांनी तिला धरून खाली आणलं. "दार उघडता येत नाही, तर दुसरीकडून जाऊन बघावं म्हटलं," ती म्हणाली, अगदी समजूतदारपणे. तेव्हापासून गच्चीची किल्ली माझ्या पर्समध्ये आणि माझा जीव टांगणीला. पुढच्या वेळी किल्लीवाचून तिचं अडणार नाही हे मला कळत होतं.

आत्या मला त्याच आठवड्यात सुचली.

आई गेल्यावर आम्हा दोघींना आत्यानं वाढवलं. लग्न केलं नाही, आमच्या वेण्या घातल्या, आमच्या तापात रात्री काढल्या. आता ती वृद्धाश्रमात असते आणि तिच्या डोक्यात काहीही पाच मिनिटांवर टिकत नाही. मी गेले की विचारते, "कोण ग तू?" सांगितलं की आनंदानं माझे दोन्ही हात धरते. चहा येईपर्यंत विसरते, पुन्हा विचारते, पुन्हा तितकीच आनंदते. तिच्याइतकं सुखी माणूस माझ्या माहितीत नव्हतं.

जिथे काही टिकतच नाही तिथे दुःख तरी कसं टिकेल? हे मी नीट विचार करून ठरवलं. मी स्वतः आत जाऊ शकत होते. त्याचाही विचार केला, आणि सोडून दिला. धाकटीला मग कोण सांभाळणार, असं स्वतःला सांगितलं. कारण पटण्यासारखं होतं.

धाकटीला सांगितलं.

"आत्याला नको," ती म्हणाली.

मी पर्समधली गच्चीची किल्ली चाचपली.

"कधी करायचं?" तिनं विचारलं.

रविवारी दुपारी केंद्र बंद असतं. टेक्निशियनला मी बोलावून घेतलं. त्यानं काचेतून आत्याकडे पाहिलं. स्वेटर घालून बाकावर बसलेली ती पाय हलवत होती.

"आजींना विचारलंत?"

"विचारलं. हो म्हणाली. मग विसरली."

तो बटणांकडे वळला.

धाकटी आत गेली, बाहेर आली. खोलीतला गारठा वाढला होता की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. आत्याला आम्ही दोघींनी धरून आडवं केलं. पिंजरा बसवताना तिनं माझ्या गालाला हात लावला. "गोड आहेस. कोणाची ग तू?"

तिच्या हातात मी रबरी फुगा दिला.

मशीन सुरू झालं. माईकमधून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मशीनच्या ठोक्यांना धरून ती गात होती.

मग गाणं थांबलं.

पडद्यावर शिंप्याची चाल हळूहळू उमटली.

"कोण आहे?" आत्यानं आतून विचारलं.

फुगा तिनं दाबला नाही. तो कशासाठी आहे हे ती विसरली होती.

माझ्या मागे धाकटी उभी होती. तिनं जोरात नाक ओढलं, आणि आळस देत म्हणाली, "ताई, किती वाजले ग? मला तलावावर जायचंय."

धाकटी बरी झाली. पक्की बरी झाली. आता तलावावर तिचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. आत्याला भेटायला ती एकदाच गेली; पुन्हा विषय काढला की तिला कामं आठवतात.

मी दर रविवारी जाते. माझा हिशेब एका ठिकाणी चुकला. बाकीचं सगळं आत्या विसरते, हे विसरत नाही. विसरते ती फक्त याची सवय. शिंप्याला ते पाठ झालं होतं, धाकटीलाही होत आलं होतं; सोसून सोसून दोघं बधिर झाली होती. आत्याला मात्र दर वेळी ते आत्ताच कळतं. ती दचकते, तोंडावर हात ठेवते. "अगं, बाहेर कुणीतरी उभं आहे. थंडीत! कधीपासून उभं आहे? मला कुणी सांगितलं का नाही?" सांभाळणारी बाई दार उघडून रिकामा व्हरांडा दाखवते. आत्या बघते, शांत होते, डोळे पुसते. पाच मिनिटांत पुन्हा दचकते. मी कोण आहे हे आता ती विचारत नाही, तेवढी उसंतच मिळत नाही तिला.

तिच्यानंतर आत कुणाला झोपवायचं? मी नावं आठवून पाहते. टेक्निशियन हल्ली माझ्याबरोबर एकटं थांबायचं टाळतो.

गेल्या रविवारी आश्रमाचे डॉक्टर आले होते. आत्याला तपासून त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

"काळजी करू नका," ते म्हणाले. "हृदय ठणठणीत आहे. अजून वीस वर्षं कुठे जात नाहीत त्या."