विषय नसलेली बारा पत्रं

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या टेबलावर तेवीस बाटल्या होत्या. एकोणीस विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्याच्या, तीन नाल्याच्या, आणि एक डिस्टिल्ड पाण्याची, तुलनेसाठी. चोविसावी गोष्ट टेबलाखाली होती. तिचे फक्त दोन पाय दिसत होते, आणि उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

"मॅडम, तुमची फोनची वायर उंदरानं खाल्लीय," टेबलाखालून आवाज आला.

"उंदीर नाहीत आमच्याकडे. ॲसिड सांडलंय."

"म्हणजे तुम्ही उंदरापेक्षा डेंजर."

मग तो बाहेर आला. केसात जळमटं, हातात पक्कड, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू मीच त्याच्याकडे काम घेऊन आले होते.

ऑक्टोबर १९९८. बी. एस्सी. होऊन मला डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या या पाणी तपासायच्या लॅबमध्ये लागून आठ महिने झाले होते. मालक पोपटराव दळवी. आम्ही दळवी साहेब म्हणायचो. पाण्याच्या बाटल्या भरणारे कारखानदार रिपोर्ट ई-मेलने मागायला लागले, म्हणून साहेबांनी इंटरनेट घेतलं. ते जोडायला ठाण्याच्या दुकानातून कान्हा आला होता. कळव्याच्या कोळीवाड्यातला.

"पाणी मिळेल?" त्याने विचारलं.

मी हाताशी होतं ते बीकर भरून दिलं. त्याने उजेडाकडे धरून पाहिलं. "पिऊ ना? घरी आई वाट बघत असेल."

"डिस्टिल्ड आहे. काही होत नाही. फक्त चव नसते."

एक घोट घेऊन तो माझ्याकडे बघत राहिला. "दिसायला एवढं छान आणि चव नाही… वाईट वाटतं."

मी वहीत डोकं घातलं. त्या दिवशीचं सातव्या बाटलीचं मोजमाप मला पुन्हा करावं लागलं.

नंतरच्या तीन आठवड्यांत मोडेम चार वेळा बंद पडला. चौथ्या वेळी मी आधीच मागची बाजू तपासून ठेवली होती. कान्हा आला तेव्हा म्हटलं, "वायरचा स्क्रू अर्धा फेरा सैल आहे. मागच्या वेळीही अर्धाच होता. आपोआप सैल होणारा स्क्रू दर वेळी मोजून अर्धाच फेरा कसा फिरतो?"

तो कानापर्यंत लाल झाला. "पूर्ण सैल केला असता तर साहेबांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं ना…"

"मग आता?"

"आता स्क्रू घट्ट करतो. पण मग रविवारी काय कारण काढू?"

"रविवारी लॅब बंद असते," मी म्हटलं. आणि थांबून — "कोपरला मात्र काही बंद नसतं."

डोंबिवलीशेजारच्या कोपर स्टेशनच्या पुढे खाडीकडे जाणारा कच्चा रस्ता होता. आम्ही तिथे नऊ रविवार चाललो. तो मला चिखलातली निवटी, उड्या मारणारे छोटे मासे, दाखवायचा, मी त्याला खाडीच्या पाण्यात मीठ किती ते सांगायची. "तुझ्याशी बोलताना मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं," तो म्हणायचा. मी विचारायची, पास होतोस का? "ते तू सांगायचंस. मी नुसते पेपर लिहितोय." कधी वाऱ्याने माझी ओढणी त्याच्या हाताला लागायची. तेव्हा तो बोलताना मध्येच थांबायचा… आणि मी ती लगेच ओढून घ्यायची नाही.

जानेवारीत त्याला मस्कतला नोकरी लागली. एका कंपनीत, कॉम्प्युटरच्या देखभालीची.

"घरी पत्र पाठवू नकोस," मी सांगितलं. "बाबा उघडतील. लॅबच्या ई-मेलवर पाठव."

"साहेब नाही वाचणार?"

"कॉम्प्युटर एकच आहे. यादीत पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय दिसतो. विषयाची जागा रिकामी ठेव. विषय नसलेलं पत्र साहेब कधी उघडत नाहीत. त्यांना वाटतं ते भलतंसलतं असतं. मी वाचून पुसून टाकत जाईन."

"रिकामीच ठेवणार," तो म्हणाला. "विषय लिहायला मी काय कलेक्टरला अर्ज करतोय?"

फेब्रुवारी ते जून त्याची सतरा पत्रं आली. इंग्रजी अक्षरांत मराठी, विषयाची जागा रिकामी. मी सकाळी साडेनऊला, साहेब यायच्या आधी, मोडेमची ती किरकिर ऐकत उभी असायची. तेवढा आवाज मला कुठल्याही गाण्यापेक्षा गोड वाटायचा. एका पत्राच्या शेवटी त्याने लिहिलं होतं — 'इथल्या पाण्याला चव आहे. मला नको असलेली.'

जूनमध्ये साहेब वैतागले. फुकटच्या जाहिराती येऊन येऊन फोन अर्धा-अर्धा तास अडकायचा, आणि नेमकं कारखान्याचं पत्र त्या ढिगात हरवायचं. वजन कमी करा, घरबसल्या श्रीमंत व्हा.

"शीला, तू शास्त्राची मुलगी. काहीतरी कर याचं."

मी पंधरा दिवस नोंद ठेवली. दोनशे बारा पत्रं आली, त्यांतली एकशे एकतीस जाहिराती. जाहिरातींचे पाठवणारे आमच्या पत्त्यांच्या यादीत नसायचे आणि निम्म्याहून जास्त जाहिरातींना विषय नसायचा. मेलच्या प्रोग्राममध्ये नियम घालायची सोय होती. मी नियम घातला: पाठवणारा यादीत नसेल आणि विषयही नसेल, तर पत्र 'कचरा' नावाच्या कप्प्यात. दर एक तारखेला तो कप्पा रिकामा.

आणि त्या नियमाला एक अपवाद घातला. कान्हाचा मस्कतचा पत्ता. यादीत घातला असता तर साहेबांनी विचारलं असतं, हा कोण. अपवाद कुणाला दिसत नव्हता.

जुनी साठ पत्रं आणि कान्हाची अजून न पुसलेली चार, अशा चौसष्ट पत्रांवर नियम चालवून पाहिला. चौसष्टच्या चौसष्ट बरोबर. मी स्वतःवर खूश होते.

जुलैत त्याचं पत्र आलं नाही. ऑगस्टमध्येही नाही. मी दोन पत्रं लिहिली. ती परत आली नाहीत, म्हणजे पोचली, असं मी धरलं. पोचली आणि उत्तर नाही… म्हणजे उत्तर तेच. तिसरं पत्र लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर पुसलं. मैत्रीण कलावती म्हणाली, "अगं, त्याच्या घरी जाऊन विचार ना एकदा." मी म्हटलं, भीक मागायला जाणार नाही. गणपती गेले, दिवाळी गेली. मोडेम किरकिरत राहिला. मी आता त्याच्यापाशी उभी राहत नव्हते.

बावीस नोव्हेंबर, सोमवार. शीळफाट्याचे दौलतराव तावातावाने लॅबमध्ये आले. त्यांची पाण्याच्या बाटल्यांची छोटी फॅक्टरी होती.

"दळवी, तीन मेल टाकले तुम्हाला! रिपोर्ट कुठाय?"

"आमच्याकडे एकही आला नाही हो."

"माझ्या पोरीनं पाठवले, तिच्या कॉलेजच्या पत्त्यावरून. माझ्यासमोर!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "शीला, बघ जरा."

पोरीचा पत्ता, म्हणजे यादीत नसणार. मी विचारलं, "तिने विषय लिहिला होता का?"

"विषय? रिपोर्ट पाहिजे होता, निबंध लिहायचा नव्हता."

मी 'कचरा' उघडला. बावीस दिवसांत जमलेली सत्याऐंशी पत्रं. दौलतरावांच्या मुलीची तिन्ही होती. ती सोडवली, साहेबांना दाखवली, दौलतरावांना रिपोर्ट हातात दिला. ते गेले. मग असंच अजून कुणाचं अडकलंय का ते बघायला मी पाठवणाऱ्यांच्या नावाने यादी लावली.

इंग्रजी 'के' पाशी दोन पत्रं होती. अनोळखी पत्ता. नाव ओळखीचं.

पहिलं दोन तारखेचं. 'शीला, पत्र नंबर ११. तुला मोजायला आवडतं म्हणून नंबर टाकतोय. जुनी कंपनी जुलैत सुटली, त्यांचा पत्ता आता मला उघडता येत नाही, हे पहिल्यापासून प्रत्येक पत्रात सांगतोय. सातला दिवाळीला घरी येतोय. आईने मुलगी बघितली आहे. मी हो म्हटलेलं नाही. चौदा तारखेपर्यंत थांबतो. तुझं हो असेल तर त्याच दिवशी तुझ्या बाबांकडे येतो. नाही असेल तर नाही एवढंच लिही.'

दुसरं पाच तारखेचं. 'नंबर १२. नाही लिहिण्याइतकाही मी नाही का?'

पहिली दहा मी स्वतः पुसली होती. एक ऑगस्ट, एक सप्टेंबर, एक ऑक्टोबर, एक नोव्हेंबर. न उघडता.

साडेसहाला मी कळव्याच्या कोळीवाड्यात होते. घर विचारावं लागलं नाही. एकाच दारावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं, अजून हिरवं. ओट्यावर त्याची आई, मनुबाई, कोळंबी सोलत बसली होती.

"कोनाची गो तू?"

"मी… कान्हाला भेटायचं होतं. डोंबिवलीहून आले."

तिने हातातली कोळंबी खाली ठेवली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "पान्याची पोरगी तू?" आणि मग, आवाज न चढवता, "उशीर केलास गो. गुरवारी साखरपुडा झाला त्याचा." तिने आत हाक मारली, "कान्ह्या!"

तो बाहेर आला. थोडा बारीक झालेला, उन्हाने काळवंडलेला. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू अर्धं आलं… आणि तिथेच थांबलं. उजव्या हातात नवीन अंगठी होती.

आम्ही धक्क्यापर्यंत चालत गेलो. ओहोटी होती. होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या.

"बोल," तो म्हणाला. "नाही सांगायला एवढ्या लांब आलीस? मेल केला असतास तरी चाललं असतं."

मी सगळं सांगितलं. नियम, अपवाद, एक तारखा. सांगताना माझा आवाज रिपोर्ट वाचल्यासारखा येत होता. मला दुसरा आवाज काढता येत नव्हता.

तो आधी हसला. मोठ्याने. मग हसू बंद झालं.

"म्हणजे तू सांगितलंस म्हणून मी विषय लिहिला नाही. आणि विषय लिहिला नाही म्हणून तू मला कचऱ्यात टाकलंस."

"तुझा पत्ता बदलेल असं माझ्या लक्षात नाही आलं."

"माणसं पत्ते बदलतात, शीला!"

"फोन का नाही केलास?"

"केलेला. सप्टेंबरमध्ये. तुझ्या साहेबांनी उचलला. म्हणे ती कामात आहे, तुमचं काय काम? काय सांगू? ठेवला मी."

"पुन्हा करायचास."

"आणि तू? दोन पत्रं लिहिलीस आणि ठरवलंस, गेला?"

"दोन्हींना उत्तर नव्हतं."

"मी बारा लिहिली. मलाही एकाचंही नव्हतं. इथे आल्यावरही लॅबच्या दारात नाही ऐकायला यायचं धाडस झालं नाही." तो होडीच्या कडेला टेकला. "तुझ्यापासून कळव्याचं अंतर किती गं? मोजलं असशील ना तू?"

चिखलातून बुडबुडे येत होते.

"उत्तर काय होतं?" त्याने हळूच विचारलं.

"नको विचारूस…"

"बारा वेळा विचारलंय. तेराव्यांदा विचारतो."

"हो," मी म्हटलं. "हो होतं. जुलैतही. आत्ताही."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अंगठी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिच्याकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना.

"अजून लग्न झालेलं नाही, कान्हा."

"अठ्ठावीसला आहे. शेवंती नाव तिचं. तिचा एक साखरपुडा आधी मोडलाय, पोराकडच्यांनी. गुरुवारी ती माझ्यासमोर बसलेली. मला हळूच म्हणाली, तुम्ही तरी नका मोडू." तो माझ्याकडे वळला. "तिला जाऊन काय सांगू? कॉम्प्युटर चुकला?"

"कॉम्प्युटर नाही चुकला. मी सांगितलं तेच त्याने केलं."

"तेच तर. तुझ्यावर रागावूही देत नाहीस. आधीच कबूल करून टाकतेस."

त्याने हात पुढे केला, माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत धरलं. क्षणभर. मग सोडलं, नीट, माझ्या खांद्यावर परत ठेवल्यासारखं.

"चल, सोडतो स्टेशनपर्यंत."

"नको. मी जाईन."

"शीला… आली नसतीस तर बरं झालं असतं. मी तुला शिव्या देऊन राहिलो असतो आरामात."

ओट्यावरून मनुबाईने विचारलं, "चा घेतेस गो?" मी नको म्हणून मान हलवली. ती पुन्हा कोळंबी सोलायला लागली. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगून जुना नियम काढला. संशय आलेलं पत्र आता कुठल्याही कप्प्यात जात नाही. त्याच्यापुढे फक्त खूण होते आणि ते मी स्वतः उघडून बघते. काहीही आपोआप पुसलं जात नाही. साहेब म्हणाले, "वेळ जाईल की गं यात." मी म्हटलं, जाऊ दे. "आठवडाभर चालवून बघ आणि मला आकडे दे," ते म्हणाले. अठ्ठावीस तारखेला रविवार होता, तरी मी किल्ली मागून घेतली आणि लॅबमध्ये जाऊन बसले.

साहेबांना दिलेल्या कागदावर असं होतं:

कालावधी, २३ ते ३० नोव्हेंबर १९९९. आलेली पत्रं, एकशे अठरा. विषय नसलेली, एकतीस. सर्व उघडून वाचली. त्यांपैकी खरी, चार. चुकून अडलेली, शून्य.